‘बाळ कोठून आलें ?’ – एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं इतिहासाचा वाटणार नाहीं. घरांत दुसरें मूल जन्मास आलें, म्हणजे तीन-चार वर्षांचें पहिलें मूल हटकून विचारतें, “आई, हें बाळ कोठून आलें ?” हा प्रश्न ऐकतांच वडील मंडळी एकमेकांकडे पाहतात, कोणी हंसतें, कोणी विषय बदलतें, आणि आजी असल्यास ती कांहींतरी सांगून वेळ निभावून नेते. ती जें सांगते त्याला इतिहास आहे. राज्यें आणि लढाया यांच्या इतिहासासारखीं त्याचीं दप्तरें नाहींत. तो मुलांच्या नांवांत, विधींत, बोलण्याच्या लकबींत आणि कांहीं अंशीं न्यायालयांच्या निकालांतहि उमटलेला आहे. अमरावती-अकोल्याकडील, म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील उदाहरणांपासून आरंभ करून तो मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. माझें म्हणणें आधींच सांगून टाकतों. मुलांना दिलेल्या खोट्या उत्तरांचें मूळ लाजेंत आहे असें आपण समजतों. पण त्यांतील कित्येकांच्या मुळाशीं लाजेपेक्षां भय अधिक होतें. तें भय आतां पुष्कळ ओसरलें आहे. उत्तरें मात्र तशींच मागें राहिलीं आहेत, आणि त्यांपासून होणारें नुकसान मुलांना व त्यांच्या आयांना सोसावें लागत आहे.

प्रथम जुन्या घरांतील रीत पाहूं. सुनेला दिवस राहिले ही गोष्ट कोणी लपवून ठेवीत नसे. तिची ओटी भरली जाई, डोहाळजेवण होई, तिला फुलांची वाडी भरीत, शेजारणी जमून गाणीं म्हणत, आणि झांकलेल्या वाटींतून बर्फी निघते कीं पेढा यावरून मुलगा होणार कीं मुलगी याचा गमतीनें अंदाज बांधीत. पुढें बाळंतिणीच्या खोलींत बाज पडे, शेगडी व धुरी यांची तयारी होई, आणि वेळ भरतांच दाईला निरोप जाई. पांचवीच्या रात्रीं सटवाईची पूजा मांडून तिच्यापुढें कोरा कागद व लेखणी ठेवीत; ती रात्रीं येऊन बाळाचें नशीब लिहून जाते असा समज होता. बाराव्या दिवशीं पाळणा सजे. हें सारें घरांतील लहान मुलांच्या डोळ्यांदेखत चाले. आईचें पोट वाढत गेलेलें त्यांनीं पाहिलेलें असे. बंद दाराआडून आलेलें कण्हणें आणि पाठोपाठ बाळाचें रडणें त्यांनीं ऐकलेलें असे. इतका पुरावा हातीं असतांना मूल जेव्हां प्रश्न विचारतें, तेव्हां निम्मा तर्क त्यानें आधींच केलेला असतो. उरलेल्या निम्म्यासाठीं तें आपल्याकडे आलेलें असतें.

यावर मिळणारें एक जुनें उत्तर असें : “तुला उकिरड्यावरून उचलून आणलें.” आज हें थट्टेनें म्हणतात आणि मूल रडकुंडीला आलें कीं सगळे हंसतात. परंतु ही थट्टा मूळची थट्टा नव्हती. वऱ्हाडांतील जुन्या पिढ्यांत उकंडा, उकर्डा, केरू, कचरू, दगडू, धोंडू, भिका अशीं नांवें पुष्कळ आढळतात. उकंडा म्हणजे उकिरडा. ज्या बाईचीं मुलें एकामागून एक दगावलीं, तिला पुन्हां मूल झालें म्हणजे तें नांवापुरतें उकिरड्यावर ठेवावयाचें आणि टाकलेली वस्तु म्हणून उचलून आणावयाचें, अथवा दाईला किंवा शेजारणीला देऊन तिच्याकडून चार कवड्यांना परत विकत घ्यावयाचें, अशी चाल होती. हें मूल आमचें नव्हेच, तें कचऱ्यांतील आहे, असें भासवून दृष्टीला आणि मृत्यूला चकवावें हा त्यांतील हेतु. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील १९१६ सालच्या ग्रंथांत अशा प्रकारच्या चालींची व नांवांची नोंद आहे.

या चालीला हंसण्यापूर्वीं त्या काळची मृत्युसंख्या ध्यानांत घेतली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर १००० मुलांपैकीं सुमारें २०० मुलें पहिलें वर्ष पुरें होण्याआधींच जात. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत मध्यप्रांत व वऱ्हाड यांची हानि देशांतील अतिशय मोठ्या हानींपैकीं होती. ज्या घरांत पाळणा हालण्याची खात्री नव्हती, त्या घरानें बाळाचा उगम उघडपणें बोलून दाखवूं नये, हें समजण्याजोगें आहे. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणींत हेंच प्रमाण देशासाठीं हजारीं २८ आणि महाराष्ट्रासाठीं हजारीं १६ होतें. अमरावती जिल्ह्यांतच असलेल्या मेळघाटांतील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ सालीं सर्व देशापुढें आला, तेव्हां हें भय सर्वत्र सारखें ओसरलें असें कोणी म्हणणार नाहीं. पण शहरांतील सुशिक्षित घरांत आज उकिरड्याची गोष्ट जेव्हां सांगितली जाते, तेव्हां तिच्यांतील भय गेलेलें असतें आणि ‘तूं आमचा नव्हेस’ एवढाच अर्थ मुलाच्या पदरीं पडतो. धाकटें भावंड नुकतेंच घरांत आलेलें असतांना थोरल्याला हें ऐकविणें किती कठोर आहे, याचा विचार बोलणाऱ्याच्या मनांतहि नसतो.

कोणी म्हणेल कीं आपली परंपराच या विषयांत मूक आहे. तसें मुळींच नाहीं. सुभद्रेच्या पोटांत असतांना अभिमन्यूनें चक्रव्यूहाची कथा ऐकली, हें कोणत्या मुलाला ठाऊक नाहीं ? प्रल्हादानें नारदाचा उपदेश मातेच्या गर्भांतच ऐकला, हेंहि कीर्तनांत सर्वांसमोर सांगतात. वारकऱ्यांच्या अभंगांत गर्भवासाचा उल्लेख ठायींठायीं येतो. मूल नवसानें होत नाहीं, त्याला स्त्रीपुरुषांचा संसार लागतो, असें रोखठोक सुनावणारा अभंग तुकाराममहाराजांच्या नांवानें घरोघर माहीत आहे. गर्भोपनिषदांत तर पहिल्या रात्रीचा कलल, सातव्या रात्रीचा बुद्बुद, पंधरवड्यानें होणारा पिंड, असा गर्भाच्या वाढीचा क्रमच दिला आहे. मूल आईच्या पोटांत वाढतें हें सत्य देवघरांत आणि देवळांत कधींच निषिद्ध नव्हतें. माजघरांत मात्र, मूल विचारूं लागलें कीं, तोंडें मिटत.

तथापि परंपरेच्या सर्वच उत्तरांना सारखें मानतां येत नाहीं. त्यांत दोन प्रवाह दिसतात. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांनीं गर्भाला मातेकडून व पित्याकडून असे दोन्हींकडून अंश येतात असें मानलें. उलट मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत स्त्री ही क्षेत्र आणि पुरुष हा बीज असा दृष्टांत आहे. शेतकऱ्यांच्या प्रदेशांत हा दुसरा दृष्टांत सहज रुजावा यांत नवल नाहीं. बी बापाचें, शेत आईचें; शेतानें फक्त धरून ठेवावयाचें व पोसावयाचें, अशी ही कल्पना. विशेष हें कीं युरोपांतील विद्वानहि दीर्घकाळ अशाच कल्पनेंत गुंतले होते. १६७७ सालीं हॉलंडांत लेवेनहूक यानें आपल्या सूक्ष्मदर्शकांतून शुक्रजंतु पाहिले, आणि त्यानंतर १६९४ सालीं हार्टसूकर यानें शुक्रजंतूच्या डोक्यांत गुडघे पोटाशीं घेऊन बसलेला चिमुकला माणूस असावा असें चित्र काढलें. सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज प्रत्यक्ष दिसलें तें १८२७ सालीं, फोन बेअर या शास्त्रज्ञाला. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग होऊन एक नवा जीव सुरू होतो, हें हर्टविग यानें समुद्रांतील एका काटेरी प्राण्याच्या अंड्यांवर पाहून १८७६ सालीं प्रसिद्ध केलें. याचा अर्थ असा कीं चार वर्षांचें मूल जो प्रश्न सहज विचारतें, त्याचें पुरें उत्तर मनुष्यजातीला मिळून अद्याप दोनशें वर्षेंहि झालेलीं नाहींत.

बीज-क्षेत्राच्या या अर्ध्या उत्तरानें घराघरांत काय केलें तें आपण जाणतों. मूल झालें नाहीं तर जमीन नापीक, म्हणजे दोष बाईचा. मुलीच झाल्या तरी दोष बाईचाच. या एका समजुतीवर किती सवती घरांत आल्या आणि किती लेकी माहेरीं परत धाडल्या गेल्या, याची गणती कोठेंहि ठेवलेली नाहीं. १९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स या विदुषीनें आणि एडमंड विल्सन यांनीं कीटकांवरील अभ्यासांतून दाखवून दिलें कीं नर किंवा मादी होणें हें गुणसूत्रांवर अवलंबून असतें. आणि मनुष्यांत तो भेद करणारें गुणसूत्र पित्याच्या बीजांतून येतें, हेंहि पुढें निश्चित झालें. तरीसुद्धां गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठीं महाराष्ट्राला १९८८ सालीं कायदा करावा लागला आणि १९९४ सालीं देशालाहि. लहानपणीं अर्धें उत्तर ऐकलेलें मूल मोठें होऊन नवरा, सासू किंवा सासरा होतें आणि त्याच अर्ध्या उत्तरावर दुसऱ्याचा न्याय करतें.

आतां शहरांकडे वळूं. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवानें स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठीं निधि उभा राहिला आणि देशभर स्त्रियांचीं इस्पितळें निघूं लागलीं. अमरावतीच्या सरकारी स्त्री रुग्णालयाला लोक अजूनहि डफरिन म्हणतात, तर अकोल्याचें लेडी हार्डिंग यांच्या नांवानें ओळखलें जातें. त्याच सुमारास, म्हणजे १८८६ सालीं, आनंदीबाई जोशी अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. त्यांना चौदाव्या वर्षीं मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांतच गेला होता. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. प्रसूति अशा रीतीनें हळूहळू घरांतून इस्पितळांत गेली आणि जीव वाचूं लागले. पण यामुळें मुलांच्या वांट्याला नवेंच उत्तर आलें : “बाळ दवाखान्यांतून आणलें.” खेड्यांतील मूल गोठ्यांत गाय व्यालेली पाहत होतें; बंद दाराआडून कां होईना, दाईची धांवपळ ऐकत होतें. शहरांतील मुलाचा गोठाहि गेला आणि बाळंतिणीची खोलीहि. आई रिकाम्या हातीं रुग्णालयांत जाते आणि दुपट्यांत गुंडाळलेलें बाळ घेऊन परत येते, एवढेंच त्याला दिसूं लागलें. बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर बाळ घेतलें, ही शहरी घरांतली दुसरी गोष्ट. युरोपांतील आया करकोच्याच्या चोंचींतून बाळ आणवीत. आपल्या आयांनीं तें काम बोहारणीला दिलें.

या उत्तराचें एक भावंड आहे, त्याचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. आई महिन्यांतून तीन-चार दिवस बाजूला बसे आणि मुलाला जवळ येऊं देत नसे. मुलानें कारण विचारलें कीं सांगावयाचें, “आईला कावळा शिवला.” मुलें आकाशांत कावळे शोधीत. बाळ कोठून आलें आणि आई बाजूला कां बसली, हे वस्तुतः एकाच गोष्टीविषयींचे दोन प्रश्न आहेत. कारण ज्या गर्भाशयांत बाळ वाढतें, त्याच्याच मासिक क्रमाचा तो भाग आहे. कावळ्याची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलीला पहिल्यांदां रक्त दिसलें म्हणजे आपणांस कांहीं रोग झाला, अशी तिची समजूत होई. तिला पूर्वकल्पना देण्याचें काम कोणीं करावयाचें हें ठरलेलें नसल्यामुळें तें कोणीच करीत नसे.

मोठ्या माणसांनीं हे प्रश्न विचारले तेव्हां काय झालें तेंहि पाहूं. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र काढलें. या कार्यापायीं १९२५ सालीं त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक सुरू केलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. वाचक आपल्या शरीराविषयींचे जे प्रश्न घरांत किंवा वैद्याला विचारूं शकत नसत, ते या मासिकाला लिहून विचारीत, आणि कर्वे त्यांना साधीं, शास्त्रीय उत्तरें देत. १९३१ सालीं एका लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ सालीं पुन्हां खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दलच. त्या वेळीं त्यांची बाजू डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं मांडली. लैंगिक विषयावरील शंकांचें निरसन करणें हेंच ज्या मासिकाचें काम, त्यानें वाचकांच्या शंकांना उत्तरें द्यावयाचीं नाहींत तर काय करावयाचें, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. तरीहि २०० रुपये दंड झालाच. प्रौढ स्त्रीपुरुषांना उत्तर देणारा मनुष्य जेथें दंडास पात्र ठरला, तेथें मुलांना उत्तर देण्यास आईबाप कचरले, यांत आश्चर्य नाहीं.

त्याच काळांत मुलांच्या बाजूनें एक निराळा विचार उभा राहत होता. ताराबाई मोडक यांचा विवाहानंतरचा कांहीं काळ अमरावतींत गेला, कारण त्यांचे पति तेथें वकिली करीत. पुढें त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करूं लागल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ पासून बोर्डी येथें आणि १९५७ पासून कोसबाड येथें त्यांनीं गरीब मुलांसाठीं बालशिक्षणाचे प्रयोग केले. मुलाची जिज्ञासा ही खोडी नव्हे, तें त्याचें शिक्षणच आहे. मुलाला माणूस म्हणून मान द्यावा, हें या चळवळीचें सार. आपण त्या चळवळीकडून बालवाडी घेतली, रंगीत मणी घेतले, गाणीं घेतलीं. पण आमच्या घरांतील जिज्ञासेचा मान अजून ठराविक प्रश्नांपुरताच आहे. चंद्र कां वाढतो असें विचारणाऱ्या मुलाचें आपण पाहुण्यांपुढें कौतुक करतों; तेंच मूल बाळाविषयीं विचारतें तेव्हां त्याच पाहुण्यांपुढें त्याला दटावतों. दोन्ही प्रश्नांमागील कुतूहल एकच आहे. दटावण्यावरून मूल एवढेंच शिकतें कीं शरीराच्या कांहीं भागांविषयीं घरांत बोलावयाचें नसतें.

या शिकवणुकीचा परिणाम किती गंभीर होऊं शकतो, हें २००७ सालीं स्पष्ट दिसलें. त्या वर्षीं केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र हें त्यांपैकीं एक राज्य होतें. निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५३ मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचें सांगितलें. छळ करणाऱ्यांपैकीं सुमारें निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे व विश्वासाचे होते, आणि बहुतेक मुलांनीं ही गोष्ट कोणालाहि सांगितली नव्हती. त्याच २००७ सालीं शाळांतील लैंगिक शिक्षणावर गदारोळ होऊन महाराष्ट्रासह अनेक राज्यांनीं तें थांबविलें. पुढें २०१२ सालीं बालकांचें लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो अमलांत आला. पण कायदा कामाला लागावयाचा तर मुलानें प्रथम कोणाला तरी सांगितलें पाहिजे. आणि सांगावयास त्याच्यापाशीं शब्द पाहिजेत. ज्या अवयवाला घरांत नांवच नाहीं, त्याला कोणी हात लावला हें मूल कोणत्या भाषेंत सांगणार ? ज्या विषयावर एकदां दटावणी मिळाली, तोच विषय घेऊन तें आईपुढें पुन्हां कसें येणार ?

आईबापांना एक भीति वाटते, तिचा अनादर करूं नये. हें सर्व सांगितलें तर मूल अकालीं प्रौढ होईल, वाईट वळणाला लागेल, असें त्यांना वाटतें. स्वीडनमध्यें १९५५ पासून शाळांतून हें शिक्षण सक्तीचें आहे. अनेक देशांतील अशा शिक्षणाच्या परिणामांचा आढावा युनेस्कोनें घेतला, तेव्हां त्यायोगें मुलें लवकर बहकतात असें आढळलें नाहीं. शिवाय आपण न सांगितलें तर मूल अजाण राहतें, ही समजूत आजच्या घराला लागू पडत नाहीं. हातांतल्या फोनवर त्याला जें दिसेल, त्यांत ना माया असते ना तारतम्य.

मग सांगावें तरी कसें ? मुलानें जेवढें विचारलें तेवढेंच, खरें, आणि सहज स्वरांत सांगावें. तीन-चार वर्षांच्या मुलाला, “आईच्या पोटांत गर्भाशय नांवाची पिशवी असते, बाळ तींत नऊ महिने वाढलें,” एवढें पुरतें. बहुधा तें ‘बरें’ म्हणून खेळावयास निघून जातें. कांहीं महिन्यांनीं तें परत येऊन विचारील कीं बाळ बाहेर कसें आलें. आईच्या शरीरांत बाळासाठीं वाट असते, तिला योनि म्हणतात. कधीं डॉक्टर पोटावर छेद घेऊन बाळाला बाहेर काढतात, असें सांगावें. पांच-सात वर्षांचें मूल विचारील कीं तें आंत आलें कसें. येथें वऱ्हाडच्या आईबापांपाशीं एक उत्तम साधन आहे, आणि तें त्यांच्या शेतांतच आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरांत कपाशी फुलावर येते. अमेरिकन कपाशीचें फूल उमलतें त्या दिवशीं पांढुरकें-पिवळसर असतें आणि दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें. फुलांतील परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडतो, त्यांतून निघालेली सूक्ष्म नळी खालीं उतरते, आणि आंतील बीजांडाशीं संयोग झाला म्हणजे बोंड धरतें. पुढें सुमारें दीड महिन्यानें तें फुटून पांढरा कापूस आणि आंतील सरकी दिसूं लागते. १९७० सालीं सुरतेस पहिला संकरित कापूस तयार झाला, आणि १९६९ सालीं स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानेंहि संकरित वाण काढले. हें बियाणें तयार करणाऱ्या मजूर स्त्रिया उद्यां उमलणाऱ्या कळींतील पुंकेसर आज सायंकाळीं काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्या झाडाचे पराग तिच्यावर लावतात. होणारी सरकी दोन्ही झाडांचे गुण घेऊन येते. अक्षरओळख नसलेल्या मजुरणीच्याहि हाताला हें ठाऊक असतें. बी बापाचें आणि शेत आईचें, हा जुना दृष्टांत कपाशीच्याच फुलानें असा खोटा ठरविला आहे : बी दोघांचें असतें. मुलाला तें फूल हातांत द्यावें आणि सांगावें कीं आईच्या शरीरांत सुईच्या टोकाएवढें स्त्रीबीज असतें, बाबांच्या शरीरांत त्याहूनहि लहान पुरुषबीज असतें, दोन्ही एकत्र आलीं आणि त्यांतून बाळ झालें. म्हणूनच बाळाचें नाक आईसारखें आणि कपाळ बाबांसारखें.

पण माणूस म्हणजे कपाशी नव्हे. आठ-दहा वर्षांचें मूल पुढचा प्रश्न विचारील, तेव्हां फुलाच्या आड लपूं नये. मोठीं झालेलीं दोन माणसें एकमेकांवर प्रेम करतात, दोघांचीहि इच्छा असली म्हणजे जवळ येतात, आणि त्या वेळीं पुरुषबीज स्त्रीच्या शरीरांत जातें. ही गोष्ट मोठ्या माणसांची आहे, मुलांशीं तसें वागण्याचा कोणालाहि अधिकार नाहीं, आणि कोणी वागूं लागल्यास ताबडतोब आम्हांला सांगावें, आम्ही रागावणार नाहीं, एवढें त्याला स्पष्ट कळलें पाहिजे. पाळी कशी येते हें मुलीला ती येण्याच्या आधींच सांगावें, आणि मुलालाहि सांगावें. घरांतील मूल दत्तक असेल तर तें दुसऱ्या आईच्या पोटांत वाढलें आणि आपण त्याला हवेंसें म्हणून आपलें केलें, हेंहि लहानपणींच सांगितलेलें बरें. उकिरड्याची थट्टा अशा मुलाच्या कानांवर कधींच पडूं नये.

श्रोतेहो, ज्या आजीनें आपल्या नातवाला उकिरड्यावरचें म्हटलें, तिनें तें त्याच्यावरील मायेनें म्हटलें. ज्याला मृत्यूपासून लपवावयाचें होतें, त्याला तिनें हातांत असलेल्या एकाच उपायानें लपविलें. आज मुलाचें रक्षण करावयाचें तर त्याच्यापासून सत्य लपवून तें होणार नाहीं. तिच्याकडून घ्यावयाची ती माया घ्यावी, आणि उत्तर मात्र आपल्या काळचें द्यावें. हा प्रश्न आपल्या घरांत आज ना उद्यां निघेलच. तो निघेल तेव्हां हातांतलें काम क्षणभर बाजूला ठेवून मुलाला जवळ घ्यावें आणि दोन खरीं वाक्यें सांगावीं. पुढच्या अडचणीच्या प्रश्नासाठींहि मग तें आपल्याकडेच येईल.